शेवटचं सोंग

सलग तिसऱ्या दिवशी नानाजींनी बहुरूप्याला दारातच पकडलं. सोमवारी तो फौजदार होऊन आला, मंगळवारी पटवारी, बुधवारी फकीर. "अबे, दाढी लावली तं चाल कुठं लपवशील?" म्हणत नानाजी अल्लीपूरभर मिरवून आले.

"दादा, उद्या बाई होऊन येते पाहा," धाकटा भाऊ रूपराव म्हणाला. "दरसाली त्याचं शेवटचं सोंग बाईचंच असते."

रूपरावच्या बायकोला, आनंदाबाईला, त्या सोंगांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिची कोकिळा मॅट्रिक पास झाली होती. वर्ध्याला नर्सच्या शिक्षणासाठी तिची निवडही झाली होती. फक्त कागदावर बापाची अन् घरच्या कर्त्याची सही पाहिजे होती, अन् शनिवारी मुदत संपत होती. कर्ते नानाजी. "आपल्या घरची पोर लोकाइच्या जखमा धुवाले जाणार नाई," ते म्हणाले, अन् विषय संपला. भावापुढं उभ्या जन्मात तोंड न उघडलेला रूपराव सुपारी कातरत बसला. अस्सा राग आला आनंदाबाईला! असला कसला बाप, म्हणून तिनं चुलीपाशी डोळे पुसले.

गुरुवारी दुपारी दारात एक उंचनिंच बाई उभी राहिली. पांढरी पाचवारी, काखेत छत्री, अन् आवाज बाप्यासारखा घोगरा.

"मी वर्ध्याहून आले. कोकिळाच्या कागदावर सह्या हव्यात."

"दादा, आला पाहा!" रूपराव नानाजींच्या कानाशी लागला. नानाजी गालातल्या गालात हसले. ओळखलं तरी शेवटचं सोंग मोडायचं नाही, बहुरूपी जाईपर्यंत त्याच्या खेळात सामील व्हायचं, ही गावाची रीत.

आत कोकिळानं आईचा हात घट्ट धरला. "आई, ह्या खऱ्याच बाई हायेत! माही मुलाखत यायनंच घेतली!"

"चूप!" आनंदाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पाप लागलं तर लागो, पण आज आपण बोलायचं नाही.

"पोरीले धाडतो तं! आणा कागद," ओसरीवर नानाजी ऐटीत म्हणाले. त्यांनी लफ्फेदार सही ठोकली, खाली रूपरावनं केली. बाईंनी सह्या नीट पाहिल्या, हात जोडले अन् एसटी गाठली.

शुक्रवारी सकाळी बहुरूपी साध्या कपड्यांत निरोप घ्यायला आला. ओसरीवर चार माणसं बसली होती.

"काल तं कमाल केली लेका!" नानाजी म्हणाले.

"काल? काल तं मी हिंगणघाटले गेलतो, मालक. बहिणीकडं."

नानाजींचा चेहरा खर्रकन उतरला. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले.

"आता कसं करावं, दादा?" रूपरावनं हळूच विचारलं.

"कसं म्हणजे?" नानाजी खेकसले. "माही सही हाय ते! सही करून फिरणारा माणूस नोहे मी. धाड पोरीले."

आनंदाबाईला हसावं की रडावं कळेना. सूपभर ज्वारी घेऊन ती मागच्या दारानं धावली अन् बहुरूप्याला गल्लीत गाठलं. "घे रे बापा. तू काल गावात नव्हता, देवच पावला!"

बहुरूप्यानं झोळी मागं ओढली.

"नाई बाई, एका घरून दोनदा घेत नाई मी. रूपरावजीनं बुधवारीच पायलीभर देल्ली. म्हणे, उद्या वर्ध्याच्या बाईले बोलावलं हाय, तू गावात दिसू नोको."