कपाटामागची भिंत

खुशालरावांनी काठीला बांधलेला रोलर कपाटामागच्या फटीत सरकवला आणि मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं. भिंत रंगवलेली होती.

त्यांनी काठी बाहेर काढली. पुन्हा वाकून पाहिलं. वरपासून जमिनीपर्यंत तोच फिकट पिवळा रंग, बाकी खोलीला होता तोच. त्यांनी हात घालून बोट टेकवलं. रंग वाळलेला होता.

हे काम त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. कपाट लोखंडी, दोन पल्ल्यांचं, गच्च भरलेलं. दोघा-तिघांशिवाय ते जागचं हललं नसतं आणि घरात खुशालराव एकटेच. अकोटच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी आपलं घर आपल्या हातानं रंगवू शकतो, हे त्यांना मुलीला दाखवायचं होतं. आचल शुक्रवारी नाशिकहून येणार होती. फोनवर तिचं एकच चाललं होतं, “बाबा, तुमी विसरून राहिले. आता एकटं राहू नका.” गॅसवर दूध ठेवून ते एकदा बाजारात निघून गेले होते. एकदाच. की दोनदा?

आज मंगळवार. रविवारी त्यांनी खोलीच्या उरलेल्या भिंती रंगवल्या. काल सोमवारी डोळे दाखवायला अकोल्याला गेले. एसटीत खिडकीची जागा मिळाली होती. शेजारच्या बाईच्या पिशवीतून मेथीचा वास येत होता. डॉक्टरनं थेंब टाकले, डोळे चुरचुरले. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडलं, खिचडी खाल्ली, झोपले. सगळं आठवत होतं. भिंत तेवढी आठवत नव्हती.

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. रंग चार बोटं खाली गेला होता. कपाटाखाली वर्तमानपत्रं अंथरलेली होती, एकावर एक, नीट. ती आपणच अंथरली का? नखांत पिवळा रंग होता, पण तो रविवारचाही असू शकत होता. दाराचं कुलूप शाबूत, खिडक्या आतून बंद. म्हणजे भिंत आपणच रंगवली. दुसरं कोण रंगवणार?

खुशालराव पलंगावर बसले. मग त्यांनी फोन उचलला, आचलचं नाव काढलं. ‘तू म्हनते ते खरं हाय, मले घेऊन जा,’ एवढंच म्हणायचं होतं. अंगठा नावावर थांबला.

तेवढ्यात फाटक वाजलं. पलीकडच्या गल्लीतला अन्सार पेंटर आत आला. पंचवीस वर्षांपूर्वी तो त्यांच्याच वर्गात होता.

“सर, पसंत पडली का कपाटामागची भिंत? सळईले वाकडा ब्रश बांधला, तवा कुठं हात पोचला.”

“तू... तू रंगवली?”

“मंग कोन?”

खुशालरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. त्यांना हसू आलं. आणि मग, कसा कोण जाणे, संताप आला.

“कुलूप असतानी माह्या घरात घुसलाच कसा तू? शनिवारी तू इचारलं तवा नाई म्हनलो ना तुले? एकटाच करीन म्हनलो ना? मंग काहून आला? कोनाले इचारून आला?”

अन्सारचा चेहरा उतरला. त्यानं शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

“तुमीच देली, सर. काल सकायी, बस स्टँडवर जाता जाता माह्या घरी आले होते.”

खुशालराव किल्लीकडे बघत राहिले. घराच्या कुलपाची दुसरी किल्ली. तिला निळी नाडी होती, आणि नाडीची गाठ त्यांच्याच हातची होती. त्यांनी अन्सारच्या दाराशी स्वतःला उभं करून पाहिलं. जमलं नाही. आठवत होती ती फक्त एसटीची खिडकी.

“म्या सांगतलं तुले? रंगवाले?”

“हो. म्हनले, कपाटामांगं माहा हात नाई पोचत.”

“अजून काय म्हनलो?”

अन्सारनं खाली पाहिलं. “राहू द्या ना सर.”

“सांग.”

“म्हनले, ‘अन्सार, उद्या मी तुह्यावर चिडीन. घरात कसा घुसला म्हनीन. तवा हासजो नको, आचललेबी फोन करजो नको. पयले मले सांगजो.’”