एक कागद कमी

बसचालक तिसऱ्यांदा खिडकीशी आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंना त्याच्याकडे बघवेना.

“आता काय राहिलं, मॅडम? बायकोलाच आणून फाईलला टाचू का?” तो हसत म्हणाला.

त्याच्या बायकोच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. ठोका कधी दगा देईल याचा नेम नव्हता. छातीत एक यंत्र बसवलं की जीव वाचणार होता. पण यंत्र महागडं, खर्च सरकारी योजनेचा आणि योजनेच्या या कचेरीत मंजुरीची सही बाईंची.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना कानमंत्र दिला होता. नकार द्यायचा नाही. नकार मिळाला की माणूस तक्रार करतो, वरपर्यंत जातो. त्यापेक्षा एक कागद मागायचा. तो आणला की दुसरा. निम्मे लोक हेलपाटे घालून थकतात, पुन्हा फिरकत नाहीत. खर्च आटोक्यात, आणि आपण नामानिराळे. वा रे शहाणपण!

बाईंनी आधी नवा ईसीजी मागितला होता. मग पत्त्याचा दाखला. आज त्यांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, “शिक्का पुसट आलाय. नवीन आणा.”

शिक्का चांगला ठसठशीत होता. तो दोघांनाही दिसत होता.  आणखी एक खाडा पडणार, एवढंच पुटपुटत बसचालक निघून गेला.

त्या आठवड्यात खर्च घटला म्हणून साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, बाईंची पाठ थोपटली. बाईंनी आपला कप तसाच बाजूला सारला. घरी नवऱ्यावर उगाच खेकसल्या. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, आता बस्स.

त्याला परत पाठवल्यापासून नवव्या दिवशी तो रांगेत दिसला. तो खिडकीशी पोचायच्या आत बाईंनी त्याची फाईल ओढली, सही ठोकली, शिक्का मारला. काचेपलीकडून साहेब डोळे वटारून बघत होते. बघू देत. गेली नोकरी तर गेली!

“घ्या, मंजूर झालं. आजच्या आज दवाखान्यात न्या त्यांना.”

त्याने कागदाला हात लावला नाही.

“ती गेली, मॅडम. रविवारी. भाजी निवडता निवडता.”

बाईंनी पुढे केलेला कागद खाली ठेवला. 

“मग... आज कशाला आलात?” त्यांनी कसंबसं विचारलं.

त्याने मागे वळून हाक मारली. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुढे येऊन उभी राहिली. त्याने पिशवीतून कोरी करकरीत फाईल काढली आणि खिडकीतून आत सरकवली.

“लेकीलाही तोच आजार निघालाय. हिला कुठले कुठले कागद लागतील, ते सगळे आजच सांगून टाका.”