दुपट्यातलं पिंप

बुर्ली पायरीवरच अडला. रोज ट्राउडीच्या आधी तळघरात उतरून तिच्या पिंपाला पाठ लावून पडणारा हा बुटका कुत्रा आज मध्येच थांबला, दोनदा शिंकला आणि तिच्या बुटांमागे येऊन उभा राहिला.

"आता याचेही नखरे," वर दारातून तिचे सासरे म्हणाले. इग्नाझच्या मिशा हिमाने पांढऱ्या झाल्या होत्या. मागे उघड्या वेलींवरही तेच हिम. "त्यालासुद्धा कळलं, पोरी. वाइन मेली ती मेली. व्हिनेगरवाला सेपर येईल आता, घेऊन जाईल तिला. पहिल्या खेपेला होतं असं."

थंडी पडली तसं ट्राउडीच्या पिंपातलं आंबणं बंद झालं होतं. रस गोडाचा गोडच. उद्या संत मार्टिनचा सण, गावातल्या नव्या वाइनींचं बारसं. तिने शेजारणीच्या फसफसत्या पिंपातला बादलीभर रस आणून विरजणासारखा आपल्या पिंपात ओतला होता. मग उबेसाठी लेकीची सगळी दुपटी पिंपाभोवती गुंडाळली होती. गल्लीतले लोक अजून हसत होते. लंगोट बांधायचा राहिला म्हणून सासऱ्यांनीही टोमणा मारून घेतला होता.

सवयीने पेटवून घेतलेली मेणबत्ती तिने खाली, बुर्ली अडला त्या पायरीशी नेली. ज्योत बारीक झाली. निळी झाली. विझली.

"बाबा, विझली."

"वाऱ्याने."

"तळघरात कुठला वारा?"

खालच्या अंधारातून, दुपट्यांच्या आतून आवाज आला. गुडुक. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, गुडुक.

"वर ये," म्हातारा एकदम खेकसला. "आधी वर ये. खाली सगळा आंबण्याचा वायू भरलाय. वाइन जगली आणि सून गेली, तर मी पोराला काय सांगू?"

बुर्लीला काखोटीला मारून ती वर धावली. हसू आवरेना, श्वासही पुरेना.

"पण बाबा, उद्यापर्यंत काही ती तयार व्हायची नाही."

"मग? बारसं लांबलं म्हणून कुणी मूल टाकून देतं का?"

गल्लीत रिकामी पिंपं खडखडत सेपरची गाडी आली. इग्नाझने ट्राउडीच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली, तोंडावर बोट ठेवून सेपरला पायऱ्यांपाशी बोलावलं, काडी ओढून ती पेटवली आणि हात लांब करून ज्योत हळूच खाली नेली. विझली.

"बघितलंस?"

"बघितलं की. विझली."

"थांब," म्हातारा दुसरी काडी शोधत म्हणाला, "परत दाखवतो."