काचेतले मासे

सन २००३ च्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी भर दुपारी, नाशिकच्या पंचवटीत गोरक्ष भोये यांचा संगणक तपासायला तृप्ती आली, तेव्हा पडद्यावरच्या निळ्या पाण्यात तांबडे मासे संथ पोहत होते. त्या निळाईने समोरची भिंतही हळूहळू वाहत असल्यासारखी वाटे.

“सर, हे मासे फुकट उतरवलेत ना?”

“आईसाठी. गावाकडचं, पेठचं घर सुटल्यापासून आठ महिने ती एक अक्षर बोललेली नाही. वाटलं, नदी आठवेल.”

“माशांच्या आडून ट्रोजन व्हायरस शिरलाय. तुम्ही हौसेनं आत घेतलंत, त्यानं आतून कडी काढून दिली. आता तुमचे पासवर्ड इंटरनेटवरून बाहेर चाललेत. ती फाइलच पुसावी लागेल. मासेही जातील.”

“जाऊ द्या. माझ्यासमोर तरी आई त्यांच्याकडे बघत नाही.”

तृप्तीने अडकणारा कीबोर्ड उलटा केला, तसा टेबलावर चुरमुऱ्यांचा चुरा सांडला. गोरक्ष त्याकडे पाहतच राहिले. तेवढ्यात मूठ मिटून कुसाबाई आल्या आणि दोघांची दखलही न घेता काचेशी वाकल्या.

“खा रं बाबांनो. लाजू नका. हितं बगळा नाय.”

आवाज जरा चिरका झाला होता, पण आईचाच होता. गोरक्ष खुर्चीचा हात धरून उभे राहिले. तृप्तीने संगणकाला लावलेली टेलिफोनची वायर उपसली, नीट गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

“पासवर्ड दुसरीकडून बदला. इथलं इंटरनेट कायमचं बंद. मासे राहतील.”