काका मुद्दाम चुकतात

"यात गाडी पुलावरून जाते. दुसरं दाखवा," शामला म्हणाली.

मधुकररावांनी काउंटरवरून चौथं पुस्तक उचललं. धरमपेठेतल्या त्यांच्या दुकानात आगगाडीची चित्रं असलेली पुस्तकं होती सात. त्यांतली पूल, बोगदा, दरी असलेली शामला एकेक करून बाद करत चालली होती.

"असं केलं तं नुसते रूळच राहतीन, बाई," ते म्हणाले.

शामलाला हसू आलं नाही. उद्या सकाळी सहाच्या पॅसेंजरने बालवाडीची बावीस पोरं काटोलला संत्र्यांचा बगीचा पाहायला जाणार होती, आणि त्यांना न्यायचं होतं तिलाच. आज दुपारी चित्रं दाखवून पोरांची भीती घालवा, असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. पोरं कुठली घाबरतात! घाबरली होती ती शामलाच. आठ दिवस तिला धड जेवण जात नव्हतं. पेपरात कुठल्याशा अपघाताचा फोटो आला होता, त्यात रुळाच्या कडेला एक छोटी चप्पल पडलेली. ती काही डोळ्यांपुढून हलेना. त्यात सकाळी चारुशीलाची आई, रंभाबाई, सांगून गेली होती, "तुमच्या भरोशावर धाडून राहिली, बाई. एकुलती एक हाय मले."

"हे घ्या. याच्यात सिग्नल बरोबर काढला हाय."

बोलणारे गृहस्थ बराच वेळ शेजारी उभे राहून तीच पुस्तकं चाळत होते. पन्नाशी उलटलेली, अंगात परीटघडीचा सदरा, पण नखांच्या कडा काळ्या आणि तोंडाला तंबाखूचा वास. नातवासाठी पुस्तक पाहतोय, असं ते मधुकररावांना म्हणाले होते.

"दिवसा सिग्नलचा हात पाहायचा," त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "आडवा तं थांबा, झुकला तं चाला. अंधारात, धुक्यात हात दिसत नाही. मंग दिव्याचा रंग."

"तुम्ही रेल्वेत होता का, काका?"

"आयुष्य गेलं रेल्वेत."

शामलाला एकदम आधार वाटला. रिटायर झालेला जाणता माणूस, त्याच्यापाशी काय लाजायचं? "खरं सांगू, काका? मला फार भीती वाटते."

"काहून?"

"बावीस जीव आहेत. आणि पुढे इंजिनात कोण बसलंय, कसा माणूस आहे, आपल्याला काय ठाऊक?"

काका पानं उलटत राहिले. "कोणती गाडी?"

"सकाळची सहाची. काटोलची."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. "भेव सगळ्याईलेच असते, बाई. पण ती लाईन माझ्या पायाखालची हाय. चांगली हाय." मग त्यांनी एका चित्रातल्या दिव्यावर बोट टेकवलं. "हा हिरवा ना?"

दिवा पिकल्या टमाट्यासारखा लाल होता. शामला हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. बालवाडीत ती स्वतः हेच करायची. कावळ्याला पोपट म्हणायचं, की पोरं चेव येऊन बरोबर काय ते ओरडून सांगतात आणि मग जन्मात विसरत नाहीत.

"आमची मुद्दाम चुकायची युक्ती बरी ठाऊक तुम्हाला! लाल आहे, लाल."

काकाही हसले. "सोमवारी रंगाईची परीक्षा हाय."

"एवढ्याशा पोराची परीक्षा?"

"घेतात आता." त्यांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला. एक काम करा ना, प्रत्येक दिव्याखाली पेन्सिलीनं रंगाचं नाव लिहून द्या."

शामलाने सुवाच्य अक्षरांत सगळं लिहून दिलं. रंग आणि अक्षरं एकदमच, आजोबा असावा तर असा. "घरी शिकवायला दुसरं कोणी नाही का?"

"बळीराम हाय ना. तो सोबत असला की मले पाहाच लागत नाही, तोच सांगत जाते. पण सासरा बिमार हाय म्हणून पारशिवनीले गेला. आज येतो म्हणाला होता." मुलगा असणार, शामलाने मनाशी म्हटलं.

काका पुस्तक घेऊन निघाले आणि पायरीवर थांबले. "काटोलची संत्री पारखून घ्या. मी आणतो तं हिरवीच निघतात. बायको शिव्या देते."

शामलाने सिग्नलच्या पुस्तकाची दुसरी प्रत घेतली, पूल असलेलंही घेतलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

सकाळी स्टेशनावर इतकं धुकं होतं की पुढचा खांब दिसेना. बावीस पोरं एकमेकांचे सदरे धरून उभी. गाडी सुटायला अवकाश होता म्हणून शामला त्यांना कोळशाचं इंजिन दाखवायला घेऊन गेली. वरून ड्रायव्हरने बाहेर डोकं काढलं. निळे कपडे, डोक्याला रुमाल.

"काका, तुम्ही!"

शामलाचा जीव भांड्यात पडला. पुढे कोण बसलंय ते आता ठाऊक होतं, आणि त्याहून चांगला माणूस शोधून मिळाला नसता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. काकांच्या मागे कोणी अनोळखी माणूस पाठमोरा वाकून भट्टीत कोळसा टाकत होता.

"पोरांनो, हे काका मुद्दाम चुकतात बरं का," ती म्हणाली. "चुकले की सांगायचं."

काकांनी धुक्यात लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बोट केलं. "सांगा पोराहो, तो हिरवा ना?"

"लाल!" बावीसही जण ओरडले. चारुशीलाने तर उड्याच मारल्या.

काका हसले नाहीत. ते खाली वाकले, शामलाच्या अगदी कानाशी.

"बळीराम आलाच नाही, बाई," ते म्हणाले. "पुढचे दिवे मले कोण सांगन?"