ताप्तीमायचं सासर

अश्विनी मॅडमनी पिशवी खाटेवर उपडी केली आणि आतून मूठभर काळा चोथा पडला.

"हा तुमचा दोर. कुजला," मॅडम म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

झालं! डोईफोडियाच्या बायांची तोंडं उतरली. सकाळपासून नुसती लगीनघाई चालली होती. अंगणात सडा, रांगोळी, बुऱ्हाणपूरहून आणलेली मावा जलेबी. बायांच्या बचत गटाची प्रमुख वैजयंती, तिनं तर आज नव्या साडीची घडी मोडली होती. मॅडम मूळच्या बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या, नोकरी समुद्रावर. आपल्या भागाची पोर, म्हणजे बातमी चांगलीच आणणार असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

सरकार समुद्रात पवनचक्क्या उभ्या करणार होतं. वीज किनाऱ्यावर आणायची तर तळाशी केबल पुरायची, आणि केबल पुरताना तळाचं गवत उखडणार. त्या गवतात मासळी अंडी घालते. म्हणून मॅडमच्या खात्यानं ठरवलं, गवत पुन्हा लावायचं आणि रोपं लाटेनं वाहून जाऊ नयेत म्हणून दोराच्या जाळ्यांत धरून ठेवायचं. ठिकठिकाणचे नमुने मागवले, समुद्रात बांधले. ज्यांचा दोर पास होईल, काम त्यांचं.

डोईफोडियात केळीचा घड उतरला की खोड बांधावर फेकून देतात. त्या खोडाचा मशीनवर धागा काढून बायांनी हा गट उभा केला होता. पण गिऱ्हाईक कुठं होतं? हे काम गेलं की मशीनला कुलूप, हे प्रत्येकीला माहीत होतं.

"दोर निव्वळ केळीच्या धाग्याचा हवा," असा निरोप आला होता. तेव्हा वैजयंती हसली होती. निव्वळ काय, दूधवालाही म्हणतो! केळीच्या दोरानं बांधलेली म्हैस पावसाळ्यात दावं तोडून जाते, म्हणून इथं दाव्यात एक पदर नायलॉनचा घालतातच. म्हशीपुढं जो टिकत नाही तो समुद्रापुढं काय टिकणार? तिनंही एक पदर घातला होता, वरून दिसणार नाही असा. मग कुजला कसा?

ती सासूच्या कानाशी लागली. "आत्याबाई, आत नायलॉन होतं ना?"

"होतं," मालूबाई जलेबीचं ताट सारखं करत म्हणाल्या. "तू माहेरी गेलती तवा उकलून काढलं म्या, अन् दोर परत वळला. ते काय, तुझी साडी वाळतीये त्याच्यावर."

वैजयंतीनं वळून पाहिलं. हिरवीगार दोरी! पावसाळ्याच्या आधीपासून ती रोज तिच्यावरच कपडे वाळत घालत होती.

"अवं, पण कशापायी?"

"ताप्तीमायला दिवा सोडतो तो केळीच्या सोपटावर. प्लास्टिकवर सोडला का कधी? अन् समुद्र म्हणजे मायचं सासर. तिच्या सासरी खोटं धाडायचं का?"

वैजयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. "सासरचं घेऊन बसल्या! तुमच्यापायी गट बुडाला इथं," ती दातओठ खात पुटपुटली. इतक्या वर्षांत ती सासूला असं कधी बोलली नव्हती.

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "अहो, अशा सुतकात का बसल्यात सगळ्या? कुजला म्हणजे पास झाला ना!"

कुणाला काही कळेना. मॅडमनी मोबाईल पुढं केला. फोटोत निळ्या पाण्याखाली हिरवं गवत डुलत होतं.

"गवतानं मूळ धरेपर्यंत यानं धरून ठेवलं, मग आपणहून विरघळला. अगदी असाच हवा होता! बाकीच्यांचे दोर अजून शाबूत आहेत. कापून पाहिले तर प्रत्येकात नायलॉन. एकात कासव अडकलं होतं, कसंबसं सोडवलं. समुद्र राखायला निघालो आणि त्यातच प्लास्टिक पेरायचं का? काम तुमचं, ताई. सगळ्या जाळ्या डोईफोडियाच्याच!"

मग काय विचारता! बाया किंचाळल्या, एकमेकींना मिठ्या मारल्या, एकीनं तर फुगडीसाठी मॅडमचेच हात धरले. फुगडी संपली तेव्हा त्यांना चांगलीच धाप लागली होती.

"एक सांगा पण," त्या दम खात म्हणाल्या, "जो तो नायलॉनच्या मोहात पडला. तुमच्याकडे हा मोह टाळला कुणी? मला त्यांचं नाव वर कळवायचंय."

हिरवी दोरी वैजयंतीच्या डोळ्यांसमोर हलत होती. खरं सांगायचंच, असं ठरवून तिनं तोंड उघडलं, आणि मालूबाईंनी त्यात आख्खी जलेबी कोंबली.

"कोण म्हणजे? आमच्या सुनेनं," त्या म्हणाल्या. "सासरचं नाव राखलं पोरीनं."