गिरणीतली खूण

शॅनन या परदेशी गावातल्या शाळेत अमेरिकेतल्या गिरणीकामगार मुलींच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या संपावर नाटक चाललं होतं. पुढारी झालेली इशिता पुठ्ठ्याच्या यंत्रापाशी येऊन थबकली, वाक्यच विसरली. घाबरून तिने तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजीकडे पाहिलं. कलावतीबाईंची हयात सोलापूरच्या गिरणीत गेलेली. तिथल्या खडखडाटात बायका हातांच्या खुणांनी बोलायच्या. इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या नातीशी सूत जुळलं तेही त्या खुणांनीच. कलावतीबाईंनी तळव्यावरून मूठ ओढली: यंत्र बंद, बाहेर चल. हीच खूण एकदा संपाच्या सकाळी शेजारच्या यंत्रावरून त्यांना झाली होती. तेव्हा मान खाली घालून त्या काम करत राहिल्या होत्या. इशिताने खटका दाबला, पोरींना तीच खूण केली. अख्खी गिरणी टाळ्यांच्या गजरात बाहेर पडली. कलावतीबाईही उठल्या, पदर खोचला. “आई, कुठे निघालात?” सुनेने कुजबुजत विचारलं. त्या म्हणाल्या, “संपावर.”